कॉफीचें रोप आणि पारख्याची जीभ

आपल्या महाराष्ट्रीय घरांत कॉफी येते ती बहुधा जायफळ आणि वेलदोडा यांस बरोबर घेऊन येते. एकादशीचा उपास असो, जाग्रणाची रात्र असो, किंवा चहा न मानवणारी वडील मंडळी असोत. दूध उकळावयाचें, त्यांत साखर आणि चमचाभर पूड टाकावयाची, वर थोडें जायफळ उगाळून घालावयाचें, ही आपली रीत. या कॉफीस मी नांवें ठेवीत नाहीं. जन्मभर तीच पीत आलों आहें. परंतु तींत खुद्द कॉफीचा स्वाद कोणता आणि जायफळाचा कोणता, असें कोणी विचारलें तर आपल्यापैकीं पुष्कळांस उत्तर देतां येणार नाहीं. माटुंग्याच्या एखाद्या दाक्षिणात्य उपाहारगृहांत गाळलेली कॉफी प्रथम चाखली म्हणजे मगच त्या दाण्याला स्वतःची अशी कांहीं चव आहे, हें ध्यानांत येतें. ती चव कोणत्या वंशांतून आली, ती टिकवावयास कोणीं काय केलें, आणि पुष्कळ काळ तिच्याकडे कोणाचें लक्ष कां नव्हतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभीं एक ओळखीचें उदाहरण घेऊं. हापूस आंब्याचें झाड तसें लहरी. एक वर्ष लगडतें, दुसऱ्या वर्षीं हात आखडतें. मोहोरावर तुडतुडे पडतात. अवेळीं पाऊस आला कीं बागाईतदाराच्या तोंडचें पाणी पळतें. भरघोस फळणाऱ्या आंब्याच्या जाती कमी आहेत असें नाहीं. तरीही कोंकणांत आणि गोव्यांत पिढ्यान् पिढ्या लोकांनीं हापूसचीं कलमें बांधलीं, याचें कारण एकच: खाणारा मनुष्य हापूस हें नांव घेऊन मागतो आणि त्या नांवाचे पैसे मोजतो. कॉफीचें तसें झालें नाहीं. कॉफी पिणारानें देशाचें नांव कधींमधीं विचारलें असेल. पण झाडाच्या वाणाचें नांव त्यानें अगदीं अलीकडेपर्यंत विचारलें नव्हतें. दाणा भाजला गेला, दळला गेला, चार ठिकाणच्या दाण्यांत मिसळला गेला, आणि कोणत्या झाडाचा म्हणून तो होता ही ओळख वाटेंतच पुसली गेली. ज्या चवीला नांव नाहीं तिचा कैवार कोण घेणार? कॉफीच्या रोपांच्या सुधारणेचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो.

कॉफीच्या वनस्पतीच्या शंभराहून अधिक जाती रानांत आढळतात. परंतु जगाच्या पेल्यांत मुख्यतः दोनच पडतात. एक अरेबिका आणि दुसरी रोबस्टा. अरेबिका उंच डोंगरावर, थंड हवेंत वाढणारी, चवीला कोमल आणि आंबूसगोड. रोबस्टा सखल व उष्ण प्रदेशांतही तग धरणारी, अंगानें धट्टीकट्टी, पण चवीला कडवट. रोबस्टाच्या दाण्यांत कॅफीन जवळजवळ दुपटीनें अधिक आणि साखरेचा अंश कमी असतो, हें त्या कडवटपणाचें एक कारण. विशेष हें कीं, अरेबिका ही स्वतःच एक संकरज जात आहे. लाखों वर्षांपूर्वीं रोबस्टाच्या कुळांतील एक झाड आणि युजिनिऑइडीस नांवाच्या दुसऱ्या एका जातीचें झाड यांचा निसर्गतः संयोग होऊन ती जन्मली, असें शास्त्रज्ञांनीं तिच्या गुणसूत्रांच्या परीक्षणावरून ठरविलें आहे. रोबस्टाचीं गुणसूत्रें बावीस, तर अरेबिकाचीं चव्वेचाळीस.

अरेबिकाचें माहेर इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील अरण्यांत. तेथून ती तांबडा समुद्र ओलांडून येमेनमध्यें गेली आणि तेथें तिची लागवड सुरू झाली. पुढें सतराव्या शतकांत बाबा बुदन नांवाचे सत्पुरुष मक्केच्या यात्रेहून परततांना येमेनमधून सात बिया घेऊन आले आणि त्यांनीं त्या चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. बियांची संख्या आख्यायिकेवर सोडूं. पण पुढचा भाग इतिहासांत नोंदलेला आहे. १६९६ आणि १६९९ या सालीं आपल्या मलबार किनाऱ्यावरून डच लोकांनीं कॉफीचें बियाणें जावा बेटास नेलें. जावाहून १७०६ सालीं एक रोप ॲम्स्टरडॅमच्या वनस्पति-उद्यानांत पोंचलें. त्याच्या संततीपैकीं एक झाड १७१४ सालीं फ्रान्सचा राजा चौदावा लुई यास नजर करण्यांत आलें. आणि १७२३ सालीं द क्ल्यू नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें एक रोप जहाजावर सांभाळीत मार्टिनिक बेटावर उतरविलें. दुसरी एक शाखा येमेनमधून बूर्बों बेटावर, म्हणजे आजच्या रेयुन्यों बेटावर गेली. अमेरिका खंडांतील अफाट मळे मुख्यत्वें या दोन शाखांचा विस्तार होत.

म्हणजे जगाची बहुतेक अरेबिका मूठभर बियांची लेकरें आहेत. त्यांतून अरेबिकाचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें. बाहेरचें कांहीं मिसळत नाहीं. त्यामुळें गुण जसे टिकले तशीं वैगुण्येंही टिकलीं. एका झाडाला जो रोग मारतो तो हजार झाडांनाही मारतो. याचा अनुभव यावयास फार दिवस लागले नाहींत.

१८६९ सालीं सिलोनमधील मळ्यांत पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी रंगाची भुकटी दिसूं लागली. हा कॉफीचा तांबेरा. बर्कली आणि ब्रूम या इंग्रज शास्त्रज्ञांनीं त्याच वर्षीं या बुरशीचें वर्णन करून तिला हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स हें नांव दिलें. त्यांतील उत्तरपदाचा अर्थच विध्वंस करणारी असा आहे. पानें गळावीं, फांद्या उघड्या पडाव्या, दाणा भरूं नये, असा क्रम. १८८० ते १८८२ या कालांत मार्शल वॉर्ड नांवाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानें सिलोनमध्यें राहून रोगाचा अभ्यास केला आणि एकाच पिकाची सलग लागवड बुरशीच्या बीजकणांना कशी अनुकूल होते हें दाखविलें. परंतु तोंवर मळेवाल्यांचा धीर सुटला होता. सिलोननें कॉफी सोडली आणि चहा धरला. आज त्या बेटाचें नांव घेतलें कीं चहा आठवतो, याच्या मुळाशीं ही बुरशी आहे.

तांबेरा म्हैसूर आणि कुर्ग या प्रांतांतही आला. त्यांतच खोडकिड्यानें झाडें पोखरलीं. बाबाबुदन गिरीच्या परिसरांतील जुना वाण, ज्यास मळेवाले ‘चिक’ म्हणत, तो मागें पडला. त्याच्या जागीं ‘कूर्ग’ नांवाचा वाण आला, पण तोही पुढें तांबेऱ्याच्या तावडींत सांपडला. अशा वेळीं, १९११ च्या सुमारास, म्हैसूर संस्थानांतील केंट नांवाच्या एका मळेवाल्यास आपल्या मळ्यांत एक झाड निराळें दिसलें. भोंवतालचीं झाडें रोगानें खंगलेलीं असतां हें एक हिरवेंगार होतें. त्यानें त्याचें बीं राखून ठेवलें. हाच पुढें प्रसिद्धीस आलेला ‘केंट’ वाण. येथें ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, केंटनें तें झाड निवडलें तें पानें पाहून. चव पाहून नव्हे. त्याची कॉफीही उत्तम निघाली हें आपलें भाग्य.

परंतु भाग्यावर शेती चालत नाहीं. म्हैसूर सरकारचे शेतकी-संचालक डॉ. लेस्ली कोलमन यांच्या पुढाकारानें १९२५ सालीं चिकमगळूर जिल्ह्यांत बाळेहोन्नूरजवळ कॉफीचें संशोधन-केंद्र उभें राहिलें. तेथेंच काम करणाऱ्या मेन या शास्त्रज्ञानें १९३२ सालीं एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. तो असा कीं, तांबेरा हा एकरूप शत्रु नसून त्याचे पोटभेद आहेत. एका पोटभेदास दाद न देणारें झाड दुसऱ्यास बळी पडतें. केंटचें रहस्य येथें उलगडलें. तो एका पोटभेदास पुरून उरला होता, आणि आतां दुसरा दारांत आला होता.

आतां नव्या रोपासाठीं नवीन वंशाचें साहाय्य घेणें प्राप्त होतें. पश्चिम आफ्रिकेंतील लायबेरिका ही उंच व राकट जात. तिची चव ओबडधोबड, पण तांबेऱ्यापुढें ती सहज मान तुकवीत नाहीं. अरेबिका आणि लायबेरिका यांच्या नैसर्गिक संकरांतून निपजलेलें एक झाड म्हैसुराकडे मिळालें होतें. त्याची नोंद एस. २६ अशी. त्याच्या बियांपासून एस. २८८ हा वाण तयार झाला. तो रोगास चांगला टिकला. पण त्याच्या दाण्यांत दोष पुष्कळ. तेव्हां बाळेहोन्नूरच्या संशोधकांनीं त्याचा केंटशीं संकर केला. प्रतिकार एकाचा, दाणा आणि चव दुसऱ्याची. या संबंधांतून एस. ७९५ हा वाण जन्मला आणि १९४० नंतरच्या दशकांत मळेवाल्यांच्या हातीं आला. भारतीय अरेबिकाचे मळे पुढें कित्येक वर्षें मुख्यतः त्यानेंच भरले. इंडोनेशियांतही तो पसरला. त्याची रोगप्रतिकारक शक्ति काळाबरोबर क्षीण झाली, तरी त्याच्या चवीसाठीं मळेवाले आजही त्यास मानतात.

ही निपज किती सावकाशीची असते याची कल्पना बाहेरच्या माणसास नसते. वळिवाचा पाऊस पडल्यावर आठदहा दिवसांनीं कॉफीचे मळे एकदम पांढरेशुभ्र फुलतात आणि जाईजुईसारखा वास सुटतो. हा सोहळा दोनतीन दिवसांचा. संकर करावयाचा तर त्यापूर्वींच कळी हलक्या हातानें उघडून तींतले पुंकेसर काढून टाकावयाचे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावावयाचे, आणि फांदीवर पिशवी बांधावयाची. फळ पिकावयास आठनऊ महिने. रोपास पहिलीं फळें धरावयास तीनचार वर्षें. त्या फळांच्या बिया पेरल्या कीं पुढची पिढी. गुण स्थिर व्हावयास अशा कित्येक पिढ्या. एक वाण सिद्ध व्हावयास वीसपंचवीस वर्षें सहज जातात. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या मुलाचा संसार थाटला जाईपर्यंत हा संशोधक एकाच गणिताचें उत्तर पाहत बसलेला असतो.

आणि चवीचें गणित तर सर्वांत अवघड. रोपवाटिकेंत पानावर तांबेऱ्याचे बीजकण टाकून रोगाची परीक्षा होते; पीक तागडींत मोजतां येतें; पण चव कळावयास दाणा हातीं यावा लागतो. तो आला तरी घोटाळा संपत नाहीं. मळ्याची उंची, सांवली, फळ पिकल्यावर तोडलें कीं कच्चें, तें धुतलें कसें, वाळविलें कसें, भाजलें किती, या प्रत्येकानें चव बदलते. मग पेल्यांत जें गोड लागलें तें वंशाचें कीं डोंगराचें? तें ठरवावयास एकाच मळ्यांत, एकाच रीतीनें, कित्येक हंगाम परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठीं पारखी मंडळी बसतात. पूड पेल्यांत टाकून वर उकळतें पाणी ओतावयाचें, वास घ्यावयाचा, आणि चमचाभर द्रव मोठ्यानें भुरका मारून जिभेवर व टाळूवर उडवावयाचा. आपण मुलांना पंगतींत भुरके मारूं नका म्हणून दटावतों. येथें भुरका हेंच शास्त्र!

रोगाची परीक्षा सोपी आणि चवीची कठीण, याचा परिणाम काय व्हावयाचा तोच झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिमोर बेटावर अरेबिका आणि रोबस्टा यांच्या नैसर्गिक संकराचें एक झाड सांपडलें. जन्मानें गुणसूत्रें चव्वेचाळीस, म्हणून अरेबिकाशीं त्याचा संबंध सहज जुळे. आणि रोबस्टाचा प्रतिकार अंगीं भिनलेला. १९५५ सालीं पोर्तुगालमध्यें ओएइरास येथें केवळ कॉफीच्या तांबेऱ्याच्या अभ्यासासाठीं एक संस्था निघाली. कॉफीचा एकही मळा नसलेला देश त्यासाठीं सोयीचा. कारण प्रयोगशाळेंतून बुरशी निसटली तरी ती कोणाचें पीक मारणार नाहीं. तेथें १९५९ सालीं तिमोरचा संकर आणि कातुर्रा नांवाचा बुटका वाण यांचा संयोग करून ‘कातिमोर’ कुळ निर्माण करण्यांत आलें. १९७० सालीं तांबेरा ब्राझीलमध्यें उतरला आणि जगाचे डोळे या कुळाकडे लागले. कोलंबियांत तांबेरा १९८३ सालीं पोंचला. पण तेथील संशोधकांनीं दूरदृष्टीनें त्याच रक्ताचा ‘कोलंबिया’ वाण आधींच सिद्ध ठेवला होता. आपल्याकडे याच कुळांतून ‘कावेरी’ हा वाण आला.

या कुळानें लाखों शेतकऱ्यांची चूल विझूं दिली नाहीं, हें कृतज्ञतेनें म्हटलें पाहिजे. परंतु रोबस्टाबरोबर तिच्या चवीची रेघही पुष्कळ ठिकाणीं आली, अशी पारख्यांची तक्रार राहिली. केन्यांत हाच कलह उघड झाला. तेथें १९३५ सालीं स्कॉट प्रयोगशाळेंत एका झाडापासून निवडलेला एस. एल. २८ हा वाण आपल्या आंबूसगोड चवीसाठीं जगभर नांवाजला गेला. आणि गंमत अशी कीं, ती निवडही मूळ अवर्षणास तोंड देणाऱ्या झाडांतून झालेली. तो वाण रोगास मात्र नाजूक. १९८५ सालीं रोगास दाद न देणारा ‘रुईरू ११’ आला, तेव्हां त्याचा पेला जुन्याच्या तोलाचा नाहीं असें ग्राहक म्हणूं लागले. शेतकऱ्यानें कोणाचें ऐकावें? औषध फवारण्याचा खर्च वाचविणाऱ्या रोपाचें, कीं दूरच्या देशांतील पारख्याच्या जिभेचें? त्याला सावकाराचें व्याज जवळचें असतें. त्यास दोष देणें हा अन्याय होईल.

तरीही हे दोन गुण एकत्र नांदूंच शकत नाहींत असें नाहीं, याची साक्ष बाळेहोन्नूरचीच आहे. इथिओपियांतून आणलेला ‘ताफारीकेला’ हा वाण चवीला श्रेष्ठ. त्याचा तिमोरच्या संकराशीं संयोग करून तेथें ‘सेलेक्शन ९’ हा वाण तयार करण्यांत आला. २००२ सालीं भारतीय कॉफी मंडळानें भरविलेल्या चाखणी-स्पर्धेंत उत्कृष्ट अरेबिकाचें पारितोषिक त्यास मिळालें. म्हणजे ज्या रक्ताला पारखी नाकें मुरडीत होते तेंच रक्त, योग्य सोयरीक मिळतांच, पहिलें आलें. दोष रक्ताचा नव्हता; सोयरीक जुळवितांना चवीला कोणी विचारलें नव्हतें, एवढाच दोष.

दुसरें उदाहरण पनामांतलें. १९३० नंतरच्या दशकांत इथिओपियाच्या गेशा भागांतून गोळा केलेलें बियाणें टांगानिकामार्गें १९५३ सालीं कोस्टारिकाच्या संशोधन-केंद्रांत पोंचलें, आणि तेथून पुढें पनामांत. शेतकऱ्यांनीं तें घेतलें तें तांबेऱ्यास कांहींसें टिकतें म्हणून. झाडाच्या फांद्या ठिसूळ, पीक थोडें. म्हणून तें मळ्यांच्या कडेला पडून राहिलें. पुढें हासिएंदा ला एस्मेराल्दा या मळ्यानें आपल्या निरनिराळ्या पट्ट्यांतला दाणा वेगवेगळा ठेवून चाखला, तेव्हां एका पट्ट्यांतील पेल्यांत फुलांचा सुवास दरवळला. २००४ च्या लिलांवांत त्या गेशास पौंडाला एकवीस डॉलर भाव मिळाला. त्या काळीं साधारण कॉफीचा भाव पौंडाला एका डॉलरच्या आसपास होता. कित्येक वर्षें जें झाड तेथेंच उभें होतें, त्याची चव कांहीं त्या वर्षीं बदलली नव्हती. फक्त दाणा वेगळा ठेवला गेला आणि त्याला नांव मिळालें.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. हवा तापत आहे. अरेबिकाला डोंगरावर आणखी वर चढावयास पुष्कळ ठिकाणीं जागा उरलेली नाहीं. आपल्या देशांत निम्म्याहून अधिक पीक आतां रोबस्टाचेंच आहे. नवीन वाण करावयाचा तर नवीन गुण रानांतूनच आणावे लागतील. आणि २०१९ सालीं ब्रिटनच्या क्यू उद्यानाच्या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, कॉफीच्या १२४ रानटी जातींपैकीं शेंकडा साठ जाती नष्ट होण्याच्या धोक्यांत आहेत. खुद्द रानटी अरेबिकाही त्यांत आहे. त्याच शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं पश्चिम आफ्रिकेंतील स्टेनोफिला या जवळजवळ विसरल्या गेलेल्या जातीची परीक्षा प्रसिद्ध केली. तिची चव अरेबिकासारखी, आणि उष्णता सोसण्याची शक्ति अरेबिकाहून कितीतरी अधिक. अरण्य तुटतें तेव्हां अशी एखादी चव कोणी चाखण्यापूर्वींच संपून जाते.

आपण शहरांतलीं माणसें. आपल्या हातीं ना मळा, ना प्रयोगशाळा. तरी एक गोष्ट आपल्या हातीं आहे. आंबेवाल्याला आपण विचारतों, हापूस कीं पायरी? रत्नागिरीचा कीं देवगडचा? या विचारण्यानेंच तीं झाडें जगलीं. कॉफीच्या दुकानदारालाही एकदां विचारून पाहावें: कोणत्या डोंगराची, कोणत्या वाणाची? पहिल्या दिवशीं तो आपल्या तोंडाकडे पाहील. दहा गिऱ्हाइकांनीं विचारल्यावर तो घाऊक व्यापाऱ्यास विचारील, आणि व्यापारी मळेवाल्यास. मग चिकमगळूरचा एखादा शेतकरी नवीं रोपें निवडतांना पिकाबरोबर चवीचाही हिशेब धरील. आणि त्या दिवशीं पहिला पेला घ्याल तो मात्र जायफळावांचून घ्यावा. दुसऱ्यांत खुशाल उगाळावें.